बांधासाठी भांडलो, मतदारसंघासाठी कोण भांडणार?

(जिल्हा मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



ज्वारी पोटऱ्यात आली आहे, कापसाची वेचणी अर्धी पडली आहे आणि वेचायला माणूस मिळत नाही. अशा दिवसांत तुम्ही कामधाम सोडून इथे आलात. म्हणून गोड बोलून तुमचा वेळ घेणार नाही. आज भावाबद्दल बोलायचे नाही, विजेबद्दल बोलायचे नाही. आज एका रेघेबद्दल बोलायचे आहे.

आपल्याकडे बांधाचे भांडण तीन पिढ्या चालते. शेजाऱ्याने नांगर हातभर आत घातला की आपण मोजणीचे पैसे भरतो, मोजणीदाराची वाट बघतो, तहसीलला चकरा मारतो, वकील लावतो. जेवढी त्या हातभर जमिनीची किंमत नाही, तेवढे पैसे एसटीच्या तिकिटात जातात. भाऊ भावाशी बोलत नाही. का? तर बांध सरकला.

आणि २००८ साली एक रेघ आपल्या सगळ्या जिल्ह्यावरून फिरली. तिने अख्खा कळंब मतदारसंघ पुसून टाकला. धाराशिव तालुक्याचा तुकडा काढून तुळजापूरला जोडला. गावेच्या गावे एका आमदाराकडून काढून दुसऱ्याकडे दिली. त्यासाठी आपण किती चकरा मारल्या? आम्ही आमच्या कार्यकर्त्यांत विचारले. एकानेही हरकतीचा कागद लिहिला नव्हता. बहुतेकांना असा कागद लिहिता येतो हेच ठाऊक नव्हते. हातभर बांधासाठी रक्त आटवणारे आम्ही, आमदारकीची हद्द सरकली तेव्हा झोपलो होतो. ही चूक आमची आहे. ती कबूल करून मगच पुढचे बोलतो.

रेघ कोणी मारली, कशी मारली

आपल्या आजोबांना मत नव्हते. निजामाचे राज्य होते. १९४८ साली ते गेले आणि १९५२ साली या मातीतल्या माणसाने पहिल्यांदा विधानसभेसाठी मत टाकले, तेही हैदराबादच्या विधानसभेसाठी. १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो, १९६० ला महाराष्ट्रात. मत मिळून आपल्याला अजून शंभर वर्षेही झाली नाहीत. म्हणून त्याची किंमत जपून वापरली पाहिजे.

१९७१ च्या जनगणनेवर मतदारसंघ पाडले गेले आणि १९७६ साली तो आदेश निघाला. मग घटनादुरुस्ती करून तो आकडा गोठवला. १९७८ पासून २००४ पर्यंतच्या सगळ्या विधानसभा निवडणुका त्याच नकाशावर झाल्या. १९७१ ला माणसे मोजली, १९७२ ला दुष्काळ पडला, माणसे खडी फोडायला गेली, काही मुंबई-पुण्याला गेली ती परत आलीच नाहीत. १९८२ साली लातूर आपल्यातून वेगळा जिल्हा झाला. एवढे सगळे झाले, तरी नकाशा तोच राहिला. लातूर गेल्यावर आपल्या जिल्ह्यात पाच मतदारसंघ होते. उस्मानाबाद, कळंब, तुळजापूर, उमरगा आणि परंडा.

२००२ साली फेररचनेचा कायदा झाला. निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. २००१ ची जनगणना पाया धरायची असे ठरले. प्रत्येक राज्यातून पाच खासदार आणि पाच आमदार आयोगाला सहयोगी सदस्य म्हणून दिले होते. त्यांना बोलता येत होते, पण मत देता येत नव्हते. आयोग कच्चा आराखडा छापतो, हरकतींना तारीख देतो, राज्यात जाहीर सुनावणी घेतो आणि मग अंतिम आदेश काढतो. तो आदेश निघाला की संपले. घटनेच्या ३२९ व्या कलमामुळे त्याला कोर्टात सहसा आव्हान देता येत नाही. बांधाच्या भांडणात खालच्या कोर्टात हरलो तर वरच्या कोर्टात जाता येते. इथे कोर्टाचा भरवसा नाही. जे काही बोलायचे ते हरकतीच्या तारखेआधी.

फेब्रुवारी २००८ मध्ये आदेश लागू झाला आणि ऑक्टोबर २००९ ची निवडणूक नव्या नकाशावर झाली. आपल्या जिल्ह्याच्या जागा पाचाच्या चार झाल्या. उमरगा आणि लोहारा मिळून उमरगा मतदारसंघ, तो राखीव झाला. परंडा, भूम आणि वाशी मिळून परंडा. तुळजापूर तालुका आणि धाराशिव तालुक्याचा काही भाग मिळून तुळजापूर. उरलेला धाराशिव आणि कळंब तालुका मिळून उस्मानाबाद. लोक आता धाराशिव-कळंब म्हणतात. म्हणजे बोलण्यात कळंब शिल्लक आहे, कागदावर नाही.

कळंब आधी राखीव मतदारसंघ होता. राखीव जागा कळंबातून उमरग्यात गेली, त्याबद्दल आमची तक्रार नाही. दलित बांधवांचा हक्क घटनेने दिलेला आहे आणि तो कुठेतरी असलाच पाहिजे. आमची तक्रार पाचाच्या चार कशा झाल्या याची आहे.

भागाकार पाटीवर करून बघा

आता हिशेब ऐका. कोणी हुशार पोरगं असेल तर पाटीवर मांडा.

२००१ साली महाराष्ट्राची लोकसंख्या ९,६८,७८,६२७ होती. विधानसभेच्या जागा २८८, त्या वाढवायच्या नव्हत्या. भागाकार करा. एका जागेला ३,३६,३८४ माणसे येतात.

आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या होती १४,८६,५८६. तिला ३,३६,३८४ ने भागा. उत्तर येते ४.४२. वरचे बेचाळीस शतांश कापले गेले आणि चार जागा मिळाल्या. बीडचा भागाकार ६.४२, सात जागांच्या सहा झाल्या.

आता ठाणे घ्या. २००१ ची लोकसंख्या ८१,३१,८४९. भागाकार २४.१७. जुन्या नकाशात ठाण्याला १३ जागा होत्या, नव्या नकाशात २४ झाल्या. एका जिल्ह्यात ११ जागा वाढल्या. २८८ तर वाढवायच्या नव्हत्या, मग त्या आल्या कुठून? विदर्भाच्या ६६ होत्या, त्या ६२ झाल्या. आपली एक गेली, बीडची एक गेली, कोकणातून गेल्या, साताऱ्यातून गेल्या, कोल्हापुरातून गेल्या. ज्या गावांतून माणसे पोटासाठी शहरात गेली, त्याच गावांतून त्यांच्या मागोमाग आमदारही गेला.

ठाण्याचा आम्हाला राग नाही. तिथे आपलीच पोरे राहतात. भिवंडीच्या मागावर, कल्याणच्या चाळीत, नवी मुंबईच्या गोदामात तुमच्या-आमच्या घरचे कोणी ना कोणी आहे. माणूस तिथे आहे तर त्याचे मत तिथे मोजले पाहिजे, हे बरोबरच आहे. पण कापलेल्या शतांशांचा हिशेब कोण देणार? आपल्याकडे एका जागेला ३,७१,६४६ माणसे पडली, ठाण्यात ३,३८,८२७. आपल्या एका आमदाराच्या वाट्याला बत्तीस हजारांहून जास्त माणसे. आणि रान किती? जिल्हा साडेसात हजार चौरस किलोमीटरचा. एका आमदाराला अठराशेच्या वर चौरस किलोमीटर. ठाण्याचा आमदार सकाळी चहा पिऊन निघाला तर दुपारच्या जेवणाला मतदारसंघ फिरून येतो. आपला आमदार ठरवून निघाला तरी पाच वर्षांत प्रत्येक वस्तीवर जाऊ शकत नाही. जायची इच्छा आहे की नाही, हा पुढचा प्रश्न.

कोणी म्हणेल, ४.४२ चे साडेचार झाले असते तर? हिशेब केला. २७ हजारांवर थोडी माणसे कमी पडली. पण तेवढी माणसे असती तर पाचवी जागा हमखास आली असती, असे आम्ही तुम्हाला खोटे सांगणार नाही. परभणीचा भागाकार ४.५४ येतो, तिलाही चारच मिळाल्या. नांदेडचा ८.५५ येतो, त्याला नऊ मिळाल्या. एकूण २८८ च्या बाहेर जायचे नाही म्हटल्यावर कोणाचे तरी कापावे लागते. मात्र एवढे खरे की काठावरच्या जिल्ह्याला हजार-हजार माणूस मोलाचा असतो, आणि आपण काठावरचा जिल्हा आहोत.

एक जागा गेली म्हणजे काय गेले, तेही रुपयांत सांगतो. २०२२ साली आमदाराचा स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी झाला. पाचवी जागा असती तर वर्षाला ५ कोटी या जिल्ह्यात जास्त पडले असते. ते चांगले खर्च झाले असते की नाही, हे तुमच्या दक्षतेवर. पण आलेच नाहीत त्याचा जाब तरी कोणाला विचारणार?

शेजारचा लातूर ग्रामीण

याच रेघेने शेजारी एक नवा मतदारसंघ जन्माला घातला. नाव लातूर ग्रामीण. आधी लातूर असा एकच होता. त्याचा लातूर शहर झाला आणि गावाकडचा भाग वेगळा काढला. त्याला रेणापूर तालुका जोडला, औसा तालुक्यातले भादा मंडळ जोडले. रेणापूर नावाचा जुना मतदारसंघ होता, गोपीनाथ मुंडे तिथून निवडून यायचे. तोही नकाशावरून गेला.

२००९ साली आम्हाला वाटले होते की शेजाऱ्याचे बरे झाले. शहराचा आमदार शहराचे बघेल, गावाचा आमदार गावाचे. नावातच ग्रामीण आहे! आपल्यालाही असे काही मिळाले असते तर, असे कळंबचे लोक मुरूडच्या पाहुण्यांना बोलून दाखवायचे.

मग २०१९ ची निवडणूक आली. लातूर ग्रामीणमध्ये काँग्रेसचे धीरज देशमुख १,३५,००६ मते घेऊन निवडून आले. दुसऱ्या क्रमांकावर कोण? कोणीच नाही. नोटा! २७,५०० लोकांनी वरीलपैकी कोणीही नाही हे बटण दाबले. शिवसेनेचा उमेदवार १३,५२४ मतांवर तिसरा राहिला. त्या निवडणुकीत राज्यात नोटाला एवढी मते दुसरीकडे कुठे पडली नाहीत.

यावर वर्तमानपत्रांनी बरेच लिहिले. कोणी म्हणाले डाव होता, कोणी म्हणाले संताप होता. आम्ही त्या वादात पडत नाही. आम्ही एवढेच बघतो की खास गावासाठी म्हणून काढलेल्या मतदारसंघात २७,५०० माणसे उन्हात रांगेत उभी राहिली आणि रिकाम्या खुर्चीला मत देऊन घरी गेली. २०१३ साली सुप्रीम कोर्टाच्या निकालाने नोटा आले. पण नोटा विधानसभेत उभा राहून कापसाबद्दल बोलत नाही. नोटाला लक्षवेधी मांडता येत नाही. पुढे २०२४ साली त्याच मतदारसंघात भाजपचे रमेश कराड साडेसहा हजारांच्या आसपास मतांनी निवडून आले. म्हणजे ज्या जागेवर पाच वर्षांपूर्वी लढत नव्हती, तिथे काही हजारांवर निकाल फिरला. २७,५०० हा आकडा त्या फरकाच्या चौपट आहे. ती माणसे एका मागणीवर एकत्र उभी राहिली असती तर दोन्ही बाजू त्यांच्या दारात आल्या असत्या.

लातूर ग्रामीणचा दुसरा धडा असा. ग्रामीण म्हणजे कोरडवाहू नव्हे. त्या मतदारसंघात कारखाने आहेत, ऊस आहे. जिथे ऊस तिथे पैसा, जिथे पैसा तिथे गाड्या, आणि जिथे गाड्या तिथे उमेदवारी. शरद जोशी इंडिया आणि भारत असा भेद सांगायचे. आम्ही खेड्यात राहून अनुभवाने सांगतो, भारताच्या आतही बागायत आणि जिरायत अशी रेघ आहे. ती कुठल्या आयोगाने मारलेली नाही. पण निवडणुकीत ती सगळ्यात आधी दिसते. आपल्या चारही मतदारसंघांत जिरायतवाला संख्येने मोठा आहे आणि व्यासपीठावर सगळ्यात मागे बसतो. नव्या रेघेने हे आपोआप बदलत नाही. रेघ फक्त आखाडा ठरवते, कुस्ती आपल्यालाच करावी लागते.

आमदाराशी आपले काय काम?

परवा एका वस्तीवर बैठक होती. एक वयस्कर आबा म्हणाले, "कापसाचा भाव दिल्लीत ठरतो, आयात दिल्लीत ठरते. मग मतदारसंघ चाराचे झाले काय आणि पाचाचे झाले काय, आमदाराशी आपले काम काय?"

आबांचा प्रश्न बरोबर आहे. हमीभाव दिल्ली ठरवते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले तेही दिल्लीने, आणि तेही आपली बोंडे फुटायच्या तोंडावर. पण आबा, तुमच्याच तरुणपणीचे आठवा. ज्वारीची लेव्ही कोणी घातली होती? या राज्याच्या सरकारने. घरची ज्वारी सरकार सांगेल त्या भावाने घालावी लागायची. १९७१ साली कच्च्या कापसाच्या खरेदीचा कायदा कोणी केला? याच विधानसभेने. तो एकाधिकार लागू झाल्यावर आपला कापूस आपल्या मर्जीने व्यापाऱ्याला विकणे गुन्हा झाला. राज्याच्या सीमेवर कापसाच्या गाड्या अडवल्या गेल्या. शेतकऱ्याच्या बैलगाडीला चोराच्या गाडीसारखी वागणूक मिळाली. ते हात ज्या सभागृहात वर झाले, त्या सभागृहाच्या जागांबद्दल आपण आज बोलतो आहोत.

आजही बाजार समितीचा कायदा राज्याचा. वीज कंपनी राज्याची. पाटबंधाऱ्याचे महामंडळ राज्याचे. कृष्णेचे ७ टीएमसी पाणी या जिल्ह्यात आणायची योजना आहे. तिला कोणत्या वर्षी किती पैसे द्यायचे, हे राज्याच्या अर्थसंकल्पात ठरते. मांजरा कळंबच्या कडेने वाहते आणि धनेगावच्या धरणातून लातूर शहर पाणी पिते. २०१६ साली ते धरण आटले तेव्हा मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, सगळ्या देशाने त्याचे फोटो बघितले. त्याच उन्हाळ्यात गावांच्या वाट्याला टँकर होते आणि टँकरपुढे हंड्यांची रांग होती. रांगेतल्या बायांचा फोटो काढायला कोणी आले नाही. शहराला स्वतःचा आमदार आहे, त्याचा आवाज एका ठिकाणी गोळा होतो. आपला आवाज अठराशे चौरस किलोमीटरवर पांगलेला आहे.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचे ऐका. महसूल मंडळ हा शब्द तुम्ही रोज ऐकता. चोवीस तासांत मंडळात ६५ मिलिमीटर पाऊस पडला तर अतिवृष्टी. मोठ्या पिकांचा विमा मंडळावर. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा, भूमकडे सीनेला पूर आला, माती वाहून गेली. तेव्हा प्रत्येक जण तलाठ्याला हेच विचारत होता, आपले मंडळ बसले का? मतदारसंघाची रेघही याच मंडळांवरून जाते. २००८ च्या आदेशात जिथे तालुका फोडला, तिथे मंडळांचीच नावे लिहिली आहेत. विम्यासाठी आपण मंडळाचा कागद मागायला शिकलो. आता मतदारसंघासाठीही शिकायचे.

पुढची मोजणी

हे सगळे जुने आज का उकरले? कारण पुढची रेघ यायची आहे.

८४ व्या घटनादुरुस्तीने लिहून ठेवले की २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे येईपर्यंत जागांचा आकडा हलवायचा नाही. १६ जून २०२५ रोजी केंद्र सरकारने जनगणनेची अधिसूचना काढली. तिच्यात १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख आहे. २०२३ साली महिलांना एक तृतीयांश जागा देणारी घटनादुरुस्ती झाली, तीही पुढच्या फेररचनेला बांधली. दिल्लीत नियमांत काय फेरबदल होतील ते होवोत. आधी माणसे मोजणार आणि मग रेघ मारणार, हे काही चुकत नाही.

आपली गत काय आहे बघा. २०११ ला आपण १६,५७,५७६ झालो. दहा वर्षांत साडेअकरा टक्के वाढलो. राज्य सोळा टक्के वाढले. २०११ चा आकडा धरून २८८ जागांचा भागाकार केला तर आपले उत्तर ४.४२ वरून ४.२५ वर येते. ठाण्याचे, पालघर तेव्हा त्यातच होते, २८ च्या पुढे जाते. आपण काठावरून मागे सरकतो आहोत.

आणि मोजणी कधी होणार? फेब्रुवारीत. फेब्रुवारीत आपले लोक कुठे असतात? कळंब, वाशी, भूम, परंडा या तालुक्यांतल्या कितीतरी वस्त्या दिवाळीनंतर कुलूप लावून ऊसतोडीला जातात. कोणी सांगली-कोल्हापूरला, कोणी कर्नाटकात. परत येतात ते पट्टा पडल्यावर, पाडव्याच्या आसपास. आजवरच्या जनगणनेचा नियम असा होता की मोजणीच्या सगळ्या दिवसांत जो घरी नव्हता त्याला घरी मोजायचे नाही. तो जिथे सापडेल तिथे मोजायचा. म्हणजे आपला कोयता घेतलेला भाऊ, त्याची बायको आणि कोपीत झोपलेली पोरे उसाच्या फडाच्या जिल्ह्यात मोजली जातात. तिथे त्यांचे मत नाही, रेशन नाही, घर नाही. पण तिथल्या मतदारसंघाला त्यांचे डोके लागते. ज्या जिल्ह्याने त्यांना जन्म दिला आणि ज्या जिल्ह्याच्या मतदार यादीत त्यांचे नाव आहे, त्या जिल्ह्याच्या भागाकारात ते नसतात.

भावांनो, आपला घाम बाहेर जातो, कापूस बाहेर जातो, पोरे बाहेर जातात. आता आपले मुंडकेही बाहेरच मोजायचे काय?

करायचे काय

टाळ्या वाजवून पोट भरत नाही. या मेळाव्यातून चार कामे घेऊन जा.

पहिले काम. येत्या ग्रामसभेत ठराव घ्या की ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची मोजणी त्यांच्या गावी व्हावी, किंवा मोजणी ते परतल्यावर व्हावी. ठरावाची प्रत तहसीलदाराला आणि जिल्हाधिकाऱ्याला द्या, पोच घ्या. एका गावाचा ठराव रद्दीत जातो. जिल्हाभरातून ठराव आले तर टेबलावर बसतात.

दुसरे काम. ठराव मान्य होईलच असे धरून बसू नका. मोजणीला येणारे मास्तर किंवा बाई आपल्याच गावातल्या असतात. या वेळच्या सूचना काय आहेत, ते त्यांच्याकडून वाचून घ्या. टोळीतला एखादा माणूस मोजणीच्या दिवसांत घरी येऊन जाणार असेल तर तो गावातच मोजला जातो की नाही, विचारून ठेवा. आणि फडात जे राहतील त्यांना निरोप द्या की मोजणीवाला आला नाही तर मुकादमामार्फत कारखान्याच्या गटऑफिसला विचारा. मोजलाच गेला नाही असा एकही माणूस राहता कामा नये.

तिसरे काम. फेररचनेचा आराखडा निघेल तेव्हा हरकत लिहायची आहे. ती शिवीगाळीची नको, कायद्याच्या भाषेत हवी. २००२ चा कायदा सांगतो की मतदारसंघ सलग असावा, नदी-डोंगर बघावेत, तालुक्या-मंडळाच्या हद्दी बघाव्यात, दळणवळण आणि लोकांची सोय बघावी. आपली हरकत याच शब्दांत बसवा. आमच्या गावाहून तालुक्याला एसटी जाते, पण ज्या मतदारसंघात टाकले तिकडे जात नाही. आमचा बाजार कळंबचा, आमची नदी मांजरा, आमचे मंडळ अमुक. गावातल्या शिकलेल्या पोराला आत्ताच बसवा आणि असा एक कागद तयार करून ठेवा. आराखडा निघाला की वेळ थोडा असतो.

चौथे काम. रेघ कुठूनही जाऊ द्या, उमेदवाराला विचारायचे प्रश्न आजच ठरवा. जिरायत पिकाच्या विम्याला सभागृहात काय बोलणार? कापूस खरेदी केंद्र कोणत्या तारखेला सुरू करून घेणार? ज्वारीच्या खरेदीचे काय? सातबारावर ऊस नसलेल्या शेतकऱ्यासाठी काय? उत्तर लिहून घ्या, सही घ्या. सही न देणाऱ्याचे नाव पुढच्या मेळाव्यात वाचून दाखवा. बायांनी हे प्रश्न विचारण्यात पुढे राहावे. उद्या राखीव जागा आली तर उमेदवार म्हणून आपल्यातली वेचणारी, खुरपणारी बाई उभी राहिली पाहिजे. कोणाची तरी पत्नी म्हणून सही करणारी नको.

भाई उद्धवराव पाटील याच मातीतले. शेतकरी कामगार पक्षाचा हा माणूस विधानसभेतही बोलला आणि लोकसभेतही. त्यांच्या मागे ना कारखाना होता, ना बँक. लोक होते. म्हणून आम्ही म्हणतो, जागा चार असोत की पाच, लोक जागे असले तर चारातला एकही पुरतो. पण एक जागा मोजणीतच हरवायची आणि चौथीवरचा माणूस झोपलेला निवडायचा, ही दुहेरी चूक आता होऊ द्यायची नाही.

आमच्यातल्या प्रत्येकाच्या घरी पेटीत बांधाच्या मोजणीचा एक पिवळा कागद आहे. बापाने जपला, आपण जपला. त्याच पेटीत आता आणखी एक कागद ठेवा. आपले गाव कोणत्या मंडळात, मंडळ कोणत्या मतदारसंघात, आणि घरातली किती माणसे मोजली गेली, एवढे तीन ओळींत लिहा. पोराला वाचता येते, त्याच्याकडून लिहून घ्या. पुढच्या मेळाव्याला येताना तो कागद खिशात घेऊन या. आम्ही तो गावनिहाय मागणार आहोत.

वेचणीला उशीर होतोय. निघा आता.